दवाखान्यातला पुकारा

नाव पुकारलं गेलं आणि सगळं दालन उभं राहिलं.

त्या सकाळी दवाखान्यात बसायला जागा नव्हती. बाकांवर माणसं दाटीवाटीनं बसली होती, जिन्याच्या पायऱ्यांवर होती, दाराबाहेर छपराखालीही होती. त्यातली निम्मी आजारी नव्हती. ती ऐकायला आली होती. कोपऱ्यातल्या स्पीकरमधून यंत्राचा तो सपाट बायकी आवाज आला: एक नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आणि मग "तपासणीसाठी खोली क्रमांक दोन". नाव आमच्या गल्लीतल्या न्हाव्याचं होतं. त्याला पोचवून महिना उलटून गेला होता.

कुणी हललं नाही. खोली क्रमांक दोनचं दार अर्धवट उघडं होतं आणि सगळ्यांच्या नजरा त्या फटीवर होत्या. यंत्रानं थोडा वेळ वाट पाहिली आणि तेच नाव पुन्हा घेतलं. बोलावलेला पेशंट आत गेला नाही तर ते तीनदा बोलवायचं, तशी त्याची रीतच होती. तिसऱ्या वेळी न्हाव्याची बायको मटकन खाली बसली.

स्पीकरखालच्या खुर्चीत एक माणूस डोळे मिटून बसला होता. त्यानं हात वर केला. अंगात स्वच्छ करडा सदरा, पायात चांगले बूट. लोक त्याला ऐकणारे बाबा म्हणत. तो म्हणाला, "ऐकलं मी. बोल, तुझं काय राहिलंय?" मग कान स्पीकरला लावून बराच वेळ हुंकार भरत राहिला. शेवटी त्यानं डोळे उघडून न्हाव्याच्या बायकोला सांगितलं की तिच्या नवऱ्याचा जीव त्याच्या वस्तऱ्यात आणि हातातल्या घड्याळात अडकलाय. दोन्ही आणून दिली की तो मोकळा होईल.

वस्तऱ्यात जीव अडकतो हे मी समजू शकते, तो त्याचा धंदा होता. पण जीव नेहमी घड्याळात, अंगठीत, गळ्यातल्या साखळीतच का अडकतो आणि कधी फाटक्या चपलेत का अडकत नाही, हा प्रश्न त्या दालनात कुणालाच पडत नव्हता. मला पडला होता, आणि मी तो एकदा मोठ्यानं विचारलाही होता. बाबा माझ्याकडे पाहून दयेनं हसला. "बाई, तुम्ही शाळेत विज्ञान शिकवायचात ना? मग तुम्हाला माहीत असेल. आवाज ही लहर आहे. देह पेशंट असतो, लहर कधी पेशंट नसते." लोकांनी माना डोलावल्या. या वाक्याचा अर्थ काय ते मला अजून कळलेलं नाही.

हा बाबा पूर्वी कानाची यंत्रं विकत असे. घरोघर पेटी घेऊन फिरायचा. पेटी गेली कधी आणि बाबा झाला कधी, ते आता कुणी नीट सांगत नाही. एवढं खरं की दवाखान्याच्या नोंदणीच्या खिडकीत बसणारा त्याचा सख्खा मेहुणा होता.

हे सगळं सुरू व्हायच्या आधी दवाखान्यातलं यंत्र नुसतं संथ झालं होतं. एकाच संगणकावर सगळं चालायचं: नावं पुकारणं, तपासणीच्या खोलीतल्या नोंदी, औषधाच्या पाकिटांवर छापायच्या चिठ्ठ्या. नाव टाकलं की पडद्यावर चाक फिरत राही. रांग बाहेर रस्त्यापर्यंत जाई, लोक खिडकीवर हात आपटत. मग एके दिवशी यंत्र पूर्णच बसलं, नोंदणीवाल्यानं आत काहीतरी खुडबुड केली, आणि ते एकदम वाऱ्यासारखं पळू लागलं. त्याच सकाळी त्यानं पहिल्या मेलेल्या माणसाला हाक मारली.

तेव्हापासून हे असंच चाललं होतं. यंत्र हळूहळू जड व्हायचं, जड होत होत बसायचं. बाबाला बोलावणं जायचं. तो सगळ्यांना नोंदणीच्या खोलीबाहेर काढून फक्त मेहुण्याला आत घ्यायचा, संगणकावर हात ठेवायचा, थोड्या वेळानं दार उघडायचा. यंत्र ताजंतवानं झालेलं असायचं. आणि मेलेले पुन्हा बोलू लागायचे. उद्या कोण बोलणार, हेही बाबा आदल्या दिवशी सांगायचा, आणि ते चुकत नसे.

मी एरवी या सगळ्याकडे पाठ फिरवली असती. पण त्या दालनात माझी थोरली बहीण बसत होती.

ताईचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, हृदयाच्या दुखण्यानं गेले. ताईचं हृदयही अधू. तिच्या ठोक्यांची लय चुकते, म्हणून तिला रक्त पातळ ठेवायची गोळी कायमची चालू. दोघं दर गुरुवारी एकत्र त्या दवाखान्यात जायची, एकाच बाकावर बसायची, कुणाचं नाव आधी येतं यावरून वाद घालायची. भाऊजी गेल्यावर ताई एकटी जाऊ लागली. आणि एका गुरुवारी तिचं नाव घ्यायच्या आधी यंत्रानं भाऊजींचं घेतलं. नेहमीच्याच क्रमानं. आधी ते, मग ती.

ती घरी आली तेव्हा मी भाजी चिरत होते. तिनं चपला काढल्या, पाणी प्यायली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "आज यांनी मला बोलावलं."

मी तिला समजावलं, रागावले, चेष्टाही करून पाहिली. माझ्या शाळेतल्या वर्षांचा काही उपयोग झाला नाही. ती म्हणाली की इतर कुठल्या वारी नाही, गुरुवारीच येतो आवाज, आमच्याच वारी. याहून आणखी काय पुरावा हवा तुला? पुढच्या गुरुवारी बाबानं तिला आपल्या शेजारी बसवून घेतलं. तेव्हापासून ती तपासणीला आत जाईना, नुसतं औषधाचं पाकीट घेऊन परत येई. भाऊजींचं घड्याळ गेलं, मग अंगठी गेली. माझं काळीज त्यासाठी तुटलं नाही. वस्तू वस्तूच असतात.

मग तिच्या अंगावर डाग दिसू लागले.

आधी दंडावर एक, जांभळट, बोटाएवढा. मग त्याच्या शेजारी आणखी. मग मनगटाभोवती, जणू कुणी घट्ट धरून ठेवलंय. तिला कुठे आपटल्याचं आठवत नव्हतं. मी डॉक्टरांकडे चल म्हटलं, पण त्याआधीच तिनं ते डाग बाबाला दाखवले होते. बाबानं तिचा हात दालनातल्या सगळ्यांना दिसेल असा उंच धरला आणि सांगितलं की ही बोटं आहेत, मोजून घ्या. नवऱ्यानं हात धरलाय. तो आता एकटा जायचा नाही.

त्या दिवसापासून ताई बदलली. तिनं कपाट लावायला काढलं. चांगल्या साड्या वेगळ्या करून त्यांवर कुणाला द्यायच्या त्यांची नावं टाचली. शेजारणीला तुळशीची कुंडी देऊन टाकली. जेवताना घास चावता चावता थांबे आणि कान देऊन ऐके. एकदा मी न्हाणीघराच्या दाराशी उभी होते. ती आरशासमोर चूळ भरत होती आणि बेसिनमध्ये पाणी लालसर होतं. तिनं नळ सोडला, माझ्याकडे वळून पाहिलं आणि हसली. तिच्या दातांच्या कडा लाल होत्या. "घाबरू नकोस गं," ती म्हणाली, "दुखत नाही."

मी त्या दुपारी तिच्या सुनेला फोन लावला.

ताईचा मुलगा जहाजावर असतो, सून दुसऱ्या शहरात नोकरीला. लिफ्टच्या पेटीत, पाण्याच्या पंपात, तिकिटाच्या यंत्रात जो छोटासा माहितीसाठा असतो, एका फाइलीत मावणारा, तो सांभाळणं, बिघडला तर दुरुस्त करणं, संथ झाला तर पळता करणं हे तिचं काम. मला त्यातलं तेव्हा काही कळत नव्हतं आणि मी तिला त्यासाठी बोलावलंही नव्हतं. मी तिला एवढंच सांगितलं की तुझी सासू जायची तयारी करतेय, आणि मला ती थांबवता येत नाही.

सूनबाई दुसऱ्या दिवशी सकाळी आली. बॅग दारात ठेवून ती आधी ताईच्या पायाशी बसली. बाबाबद्दल एक शब्द बोलली नाही. तिनं ताईचा हात मांडीवर घेतला, डागांवरून हळूच अंगठा फिरवला आणि विचारलं, "आई, रक्ताची गोळी किती घेताय?"

ताई म्हणाली, पाकिटावर असते तेवढी. एक सकाळी, एक रात्री.

"डॉक्टरीणबाईंनी मागे अर्धी केली होती ना? तुम्हीच मला फोनवर सांगितलं होतंत. हिरड्यांतून रक्त यायला लागलं म्हणून."

ताईला आठवलं. केली होती खरी. मग पुन्हा पाकिटावर पूर्ण गोळी यायला लागली, तेव्हा तिला वाटलं डॉक्टरीणबाईंनीच वाढवली असेल. पाकीट यंत्र छापतं, औषधवाली भरते. त्यात कोण कशाला शंका घेईल?

सूनबाईनं माझ्याकडे पाहिलं. तिनं ताईला उठवलं, शाल गुंडाळली आणि आम्ही रिक्षानं तडक दवाखान्यात गेलो. त्या दिवशीही दालन भरलेलं होतं. आम्ही बाबासमोरून ताईला खोली क्रमांक दोनमध्ये नेलं तेव्हा तो म्हणाला की आता औषधानं वाट अडवू नका, त्रास होईल. सूनबाई थांबली नाही.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला पाठवलं आणि अहवाल आल्यावर त्या खुर्चीतून उठल्याच. रक्त इतकं पातळ झालं होतं की ताई नुसती घसरून पडली असती तरी डोक्यात रक्तस्राव होऊन संपली असती. ते डाग, त्या हिरड्या, सगळं त्याचंच. त्यांनी ताईला तिथेच खाटेवर घेतलं, उतारा टोचला आणि गोळी बंद केली. मग त्या मला म्हणाल्या की मी डोस अर्धा केला होता, माझ्या हातानं केला होता, मला पक्कं आठवतंय. त्यांनी संगणक उघडून दाखवायला घेतला. चाक बराच वेळ फिरलं. पडद्यावर जुना, पूर्ण डोस होता. अर्धा केल्याची नोंद कुठेच नव्हती. कधी नव्हतीच, अशा थाटात ते पान समोर उभं होतं.

डॉक्टरीणबाई मघापर्यंत त्या बाबाला एक डोकेदुखी समजत होत्या. आता त्यांच्या लक्षात आलं की त्याच यंत्रानं दुसऱ्याही कुणाचा डोस बदलला असेल, आणि कुणाकुणाचा ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी दार लावून घेतलं. सूनबाईनं त्यांना आपलं काम काय ते सांगितलं आणि यंत्र पाहू देण्याची परवानगी मागितली. त्या म्हणाल्या, आत्ता, या क्षणी बघा.

पण सूनबाईनं यंत्राला हात लावण्याआधी मला एक काम दिलं. आतापर्यंत ज्या मेलेल्यांची नावं पुकारली गेली ती आठवायची, आणि ते कधी गेले ते सांगायचं. मी आणि औषधवाली बसलो. न्हावी, भाऊजी, पोस्टमनची आई, वीज मंडळातला वायरमन, आणखी कितीतरी. औषधवालीच्याच ध्यानात आलं. हे सगळे अलीकडे गेलेले. या दवाखान्यात त्याआधी वर्षानुवर्षं माणसं मेली होती. तिचे स्वतःचे वडील इथलेच पेशंट होते. त्यांना यंत्रानं कधी हाक मारली नाही. बाबा म्हणायचा, जुने सगळे मोकळे झालेत.

"यांच्यात पहिला कोण गेला?" सूनबाईनं विचारलं. "आणि त्याच्या थोडं आधी इथे नवं काय आलं?"

औषधवालीनं खिडकीतून दालनाकडे बोट केलं. भिंतीवर तो मोठा पडदा होता. डॉक्टरांच्या येण्याच्या वेळा दाखवणारा. तो लावला, त्यानंतर गेलेलेच बोलत होते.

नोंदणीच्या खोलीत सूनबाई बसली तेव्हा नोंदणीवाला दाराशी उभा राहिला आणि यंत्र बाबांशिवाय कुणाचं ऐकत नाही असं पुन्हा पुन्हा सांगत राहिला. बाहेर कुजबुज वाढली होती. कुणीतरी म्हणालं, मृतांच्या वाटेत येणाऱ्यांचं बरं होत नाही. सूनबाईनं पहिल्यांदा सगळ्याची एक प्रत काढून बाजूला ठेवली. मग तिनं मला पडद्यावर दाखवलं, आणि जे दाखवलं ते मी माझ्या शब्दांत सांगते.

दवाखान्याची सगळी माहिती एका फाइलीत होती. तिच्या शेजारी तिच्याच नावाची एक जोडफाइल होती. रोज जे नवं घडतं, नवा पेशंट, बदललेला डोस, कुणाच्या नावापुढे 'मृत' अशी खूण, ते आधी या जोडफाइलीत उतरतं. मग सवडीनं यंत्र ते मूळ फाइलीत नेऊन मिसळतं आणि जोडफाइल पुन्हा पहिल्यापासून वापरतं. हे सगळं आपोआप होतं, कुणाला कळतही नाही. पण एक अट असते. कुणी मूळ फाइल वाचत बसलं असेल, तर त्यानं वाचायला सुरुवात केल्यानंतरचं काहीही तिच्यात मिसळता येत नाही. नाहीतर त्याच्या डोळ्यांसमोर मजकूर बदलेल. भिंतीवरचा पडदा सुरू होताना डॉक्टरांच्या वेळा वाचायला बसायचा. आणि बनवणारा त्याला उठायला सांगायचं विसरला होता. तो दिवसच्या दिवस वाचतच बसलेला.

म्हणून मूळ फाइल तो पडदा लावला त्या दिवशी थांबली होती. त्यानंतरचं सगळं जोडफाइलीत साचत होतं. ती फुगत होती, प्रत्येक शोधाला यंत्राला तो सगळा ढीग धुंडाळावा लागत होता, आणि म्हणून ते जड होत होतं. सूनबाईनं तिचा आकार दाखवला. मूळ फाइलीच्या कितीतरी पट ती मोठी होती.

"आणि आता कुणी संगणकाची वीज तोडली आणि ही फाइल पुसली," ती म्हणाली, "तर यंत्र एकदम हलकं होईल. आणि त्याच्या दृष्टीनं पडदा लावला तो दिवस पुन्हा उजाडेल. त्या दिवशी जे जिवंत होते ते सगळे जिवंत."

मी विचारलं, मग नवे पेशंट? तेही नाहीसे व्हायला हवेत.

ती दाराकडे न बघता म्हणाली की ते खिडकीवर येऊन आरडाओरडा करतात, त्यांना पुन्हा लिहून घ्यावं लागतं. मेलेले ओरडत नाहीत. आणि डोस बदललेले तर घरी निघून जातात, निमूट गोळ्या घेतात.

दाराशी उभा असलेला नोंदणीवाला बाहेर दालनात निघून गेला.

डॉक्टरीणबाईंनी ठरवलं की हे सगळ्यांसमोर व्हायला हवं. सूनबाईनं आपल्या लॅपटॉपवर प्रत चढवली आणि त्याला दालनातला स्पीकर जोडला. बाबा आपल्या खुर्चीत बसून होता. तो म्हणाला की मुलीचा अभ्यास चांगला आहे, पण यंत्र ही फक्त नळी आहे, नळीत वाहतं ते वेगळं. काही लोक हसले. आमच्यावर.

सूनबाईनं विचारलं, जिवंतपणी कुणाला मरून बघायचंय? कुणीच पुढे येईना, तेव्हा मी हात वर केला. तिनं माझी नोंद उघडली, मी कित्येक वर्षं याच दवाखान्यात, याच वारी गुडघे दाखवते, आणि माझ्या नावापुढे 'मृत' अशी खूण केली. मग आजच्या पेशंटांची नावं पुकारायला लावली. माझ्या पुढची बाई झाली, मागचा माणूस झाला, मला वगळलं गेलं. यंत्राच्या लेखी मी गेले होते. माझ्या शेजारी बसलेली बाई, कळत नकळत, थोडी सरकून बसली.

मग सूनबाईनं लॅपटॉप धाडकन बंद पाडला, पुन्हा उघडला, जोडफाइल पुसली आणि पुकारा सुरू केला.

त्या सपाट आवाजानं माझं नाव घेतलं. वडिलांच्या नावासकट. खोली क्रमांक दोन.

हे सगळं मला आधी माहीत होतं, तरी मी वळून खोली क्रमांक दोनच्या दाराकडे पाहिलं. खोटं कशाला सांगू? त्या आवाजात तुमचं नाव ऐकलं की क्षणभर कुणीतरी तुम्हाला कुठूनतरी बोलावतंय असंच वाटतं. ताईला काय वाटलं असेल ते मला त्या क्षणी कळलं. मी उठले आणि सगळ्यांना दिसेल अशी खोली क्रमांक दोनपर्यंत चालत गेले आणि परत आले.

"आता तुमची पाळी," सूनबाई बाबाला म्हणाली. "औषधवाल्या ताईंचे वडील पडदा लावायच्या आधी गेले. त्यांना एकदा बोलवा."

बाबानं कान स्पीकरला लावला. बराच वेळ लावला. मग तो म्हणाला की आज वातावरणात अविश्वास फार आहे, लहरी दबल्या आहेत. औषधवाली म्हणाली, दबू दे, मी थांबते, आणि समोर हाताची घडी घालून उभी राहिली. ती बाई कधी आवाज चढवत नाही. तेव्हाही चढवला नाही.

तरीही बाबा निसटला असता. लोकांना तो हवा होता. न्हाव्याची बायको रडत होती आणि बाबाच निघून गेला तर तिच्या माणसाचा आवाजही जाणार होता. गोष्ट फिरली ती डॉक्टरीणबाईंमुळे. त्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की मेलेल्यांचं सोडा, मी जिवंतांचं सांगते. पडदा लावल्यापासून मी ज्यांचा डोस बदलला, त्यातले आठवतील ते सांगते. त्यांना आजही जुनंच औषध जातंय. त्या एकेक सांगू लागल्या. या बाईंची बहीण, आत खाटेवर. बसचा ड्रायव्हर, ज्याला मागच्या आठवड्यात जिन्यात आकडी आली आणि ज्याला तुम्ही झपाटलेला म्हणालात. त्याची नवी गोळी यंत्र विसरून गेलं. शिंप्याची गरोदर लेक, जिचं एक औषध बाळासाठी धोक्याचं म्हणून बंद केलं होतं. आणि मग त्या नोंदणीवाल्याकडे वळून म्हणाल्या, "तुझी आई. तिची साखरेची गोळी मी बंद केली होती. साखर फार उतरत होती तिची. आज सकाळी तू घरून निघालास तेव्हा ती उठली होती का?"

नोंदणीवाल्यानं खिशातून फोन काढला, त्याच्या हातातून तो पडला, त्यानं तो उचलला आणि तसाच पळत बाहेर गेला.

म्हातारी पलंगावर अर्धवट शुद्धीत सापडली. साखरपाणी पाजून तिला आणलं, ती वाचली. नोंदणीवाला तिच्या उशाशी बसून सगळं बोलला. रांग ओरडत होती तेव्हा त्यानं पहिल्यांदा ती फुगलेली फाइल पाहिली आणि कचरा समजून पुसली. त्यात वाईट हेतू नव्हता. त्याच सकाळी मेलेल्या माणसाचं नाव आलं तेव्हा तो स्वतःच घाबरला आणि त्यानं बहिणीच्या नवऱ्याला, म्हणजे या बाबाला, सांगितलं. बहिणीचा नवरा घाबरला नाही. त्यानं विचारलं, उद्या कुणाचं येईल ते तुला आधी कळतं का? कळत होतं. कुठल्या वारी कुणाची तपासणी, हे यंत्रातच होतं.

तोवर बाबा दालनातून गेला होता. त्याच्याविरुद्ध तक्रार झाली, पोलिसांनी त्याला पकडलं, घरातून काही वस्तू मिळाल्या, काही त्यानं आधीच विकल्या होत्या. भाऊजींची अंगठी मिळाली नाही.

सूनबाई आठवडाभर राहिली. तिनं साचलेलं सगळं मूळ फाइलीत मिसळलं, जेवढं हाती होतं तेवढं. पडद्याला वाचून झालं की उठायला शिकवलं. नावावरून शोधताना यंत्र पहिल्या पेशंटापासून शेवटच्यापर्यंत चाळत जायचं. त्याला पुस्तकाच्या मागे असते तशी सूची तिनं जोडून दिली, आणि ते चाक फिरणं बंद झालं. रोजची प्रत कशी काढायची तेही लावून दिलं, जोडफाइल मागे राहणार नाही अशी. पण आधी जे पुसलं गेलं ते गेलंच. ते परत आणणं तिच्याही हातात नव्हतं. डॉक्टरीणबाईंना एकेका पेशंटाला बोलावून, त्याचं ऐकून, त्याला तपासून सगळे डोस नव्यानं लिहावे लागले. शिंप्याच्या लेकीचं बाळ सुखरूप जन्मेल की नाही, ते कळायला अजून वेळ होता. ती रोज येऊन बाकावर बसायची.

ताईला मी काही सांगितलं नाही. सूनबाईनं सांगितलं, खाटेशी बसून, जसं मला सांगितलं तसंच, सावकाश. ताईनं मध्ये एकदाही थांबवलं नाही. शेवटी तिनं विचारलं, "म्हणजे ते नव्हतेच?"

"नव्हते, आई."

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

ताई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तिचे खांदे हलत होते. भाऊजी गेले तेव्हा ती रडली नव्हती, सगळे तिच्या धीराचं कौतुक करत होते. आणि मग लगेच तो आवाज आला होता. आता ती रडली. बराच वेळ रडली. सूनबाई तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली, आणि ताईच्या दंडावरचे डाग पिवळट पडून मावळायला लागले होते. संध्याकाळी ताईनं तोंड धुतलं आणि औषधवालीला बोलावून आपली गोळी कुठली, किती, कशासाठी, हे तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

तुम्ही म्हणाल, बाबा पकडला, यंत्र दुरुस्त झालं, संपलं. तसं झालेलं नाही. न्हाव्याची बायको अजून अधूनमधून त्या दालनात येते, स्पीकरखाली बसते, आणि कुणी विचारलं तर पाय दुखतात म्हणते. तिला मी हसत नाही. आपल्या माणसाची हाक ऐकावीशी वाटणं यात काही अंधश्रद्धा नाही. अंधश्रद्धा तिथे सुरू होते जिथे आपण विचारायचं थांबतो: आजच का, हाच का, आणि जुने का नाहीत? हे तीन प्रश्न विचारायला संगणक यावा लागत नाही. आम्ही सगळे त्या दालनात रोज बसत होतो. विचारले नाहीत, आणि आम्ही मेलेल्यांकडे कान लावून बसलो असताना आमच्या समोर जिवंत माणसं मरायला टेकली होती. त्यांच्या दंडांवर ते लिहिलेलं होतं. म्हणून सांगते, कुणी तुम्हाला चमत्कार दाखवला तर त्याच्या पाया पडण्याआधी तुमच्या शेजारी बसलेल्या माणसाचा हात हातात घ्या आणि तो नीट पाहा.